अनुभव धागा: थंडीत घरात ऊब कशी राखता? लहानपणी आणि आता

महाराष्ट्रातली घरे मुख्यतः उन्हाळा आणि पाऊस डोळ्यांसमोर ठेवून बांधलेली असतात. समोरासमोरच्या खिडक्या, पायाला गार लागणारी शहाबादी फरशी, दारांखालच्या फटी ही सगळी व्यवस्था एप्रिल-मे महिन्यांत सुखाची असते आणि डिसेंबरच्या मध्यापासून संक्रांतीपर्यंत तीच अंगावर येते. त्यामुळे आपल्याकडे आख्खी खोली गरम करण्याची रीत फारशी रुजली नाही. अंग, अंथरूण आणि पाणी एवढेच गरम करायचे, अशी आपली पद्धत दिसते. तिचे तपशील मात्र घरागणिक वेगळे आहेत, आणि ते हाताला ठाऊक असलेली पिढी आता थकत चालली आहे. म्हणून सर्वांना विनंती, की ‘आमच्याकडे थंडी फार असे’ एवढ्यावर न थांबता ऊब कशातून मिळे, ती कोण तयार करी आणि आज तुम्ही काय करता, ते सविस्तर लिहावे. सुरुवात मीच करते.

माझे बालपण पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात गेले. न्हाणीघराबाहेर तांब्याचा बंब होता. मधोमध जाळाची उभी नळी, तिच्याभोवती पाण्याची टाकी, तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडायला जागा, अशी त्याची रचना होती. नळीत वरून ढलप्या, नारळाच्या शेंड्या आणि करवंट्या टाकायच्या. एका बाजूला नरसाळे आणि दुसऱ्या बाजूला वरच्या अंगाला तोटी असे. नरसाळ्यातून जेवढे गार पाणी ओतावे तेवढेच कढत पाणी तोटीतून बाहेर पडे, कारण गार पाणी जड असल्याने तळाशी जाऊन बसते आणि तापलेले पाणी वर ढकलले जाते. या साध्या सोयीमुळे एका बंबावर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळी होत. आम्ही मुले करवंटी पेटताना होणारा तडतड आवाज ऐकत आणि हात शेकत तिथेच रेंगाळायचो. हे सुख फुकटचे नव्हते, हे मला मुद्दाम नोंदवायचे आहे. आई सर्वांत आधी उठून बंब पेटवी आणि सर्वांत शेवटी आंघोळ करी, तोवर नळीत निखारेही उरलेले नसत. आता आमच्या इमारतीच्या गच्चीवर सौर पाणीतापक आहे. थंडीत पाइपातले पहिले बादलीभर पाणी गारच येते. ते मी झाडांना घालते.

निफाड तालुका, द्राक्ष बागायतदार

आमच्या भागातले तापमान कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात मोजले जाते आणि पारा ५ अंशांच्या खाली उतरला की वर्तमानपत्रात बातमी येते. अशा रात्री आभाळ निरभ्र असते, वारा पडलेला असतो आणि दिवसभर तापलेल्या जमिनीची ऊब, अडवायला ढग नसल्याने, सरळ वर निघून जाते. आमचे जुने घर धाब्याचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे होते. भिंती हातभर रुंद मातीच्या, आणि गोठा घराला इतका लागून की मधली भिंत दोन्हीकडची एकच. बैल आणि गाई ज्या भिंतीला टेकून बसत, तिच्या अलीकडे आजोबांचे अंथरूण असे. ती भिंत पहाटेसुद्धा गार पडत नसे, हे मी स्वतः हात लावून पाहिले आहे. आता सिमेंटचे घर बांधले, गोठा दूर गेला, आणि शेण-गोमूत्राचा वास गेला त्याबरोबर ती ऊबही गेली. मला नवे घर आवडते, पण डिसेंबरात जुन्या घराची किंमत कळते.

कडाक्याच्या थंडीत आमची अर्धी रात्र बागेतच जाते. मण्यांची फुगवण थांबू नये आणि ते तडकू नयेत म्हणून बांधांवर शेकोट्या करून धूर धरतो आणि पहाटे ठिबक सुरू करतो, कारण विहिरीचे पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असते. परत आल्यावर चुलीच्या वैलावर, म्हणजे बाजूच्या तोंडावर, ठेवलेल्या पाण्याने पाय धुतले की माणूस माणसात येतो. गॅस आला तरी पडवीतली चूल मोडलेली नाही, ती एवढ्यासाठीच.

सांगोला, सध्या मुक्काम पिंपरी

माझे आजोबा घोंगडी विणणाऱ्या सनगर समाजातले, खड्डा-मागावर घोंगडी विणत. दख्खनी मेंढीची लोकर पिंजून आजी चरख्यावर सूत काढी. चिंचोके भिजवून, वाटून, शिजवून त्यांची खळ करत आणि ती सुताला लावत. त्या खळीचा आंबूस वास आमच्या घराला कायम असे. नवी घोंगडी टोचते म्हणून लोक नाक मुरडतात, पण घोंगडी पांघरण्याइतकीच अंथरण्याची वस्तू आहे, याचा विसर पडला आहे. थंडी वरून जेवढी लागते तेवढीच खालून, जमिनीतून येते. लोकर ओल शोषून घेते, तरी हाताला ओली लागत नाही, म्हणून सारवलेल्या गारठलेल्या जमिनीवर घोंगडी, तिच्यावर सुती पासोडी आणि अंगावर आणखी एखादे पांघरूण, असा आमचा क्रम होता. सदनिकेत राहायला आल्यावर मी गादीखाली आजोबांची घोंगडी घातली आहे आणि फरक स्पष्ट जाणवतो. ज्यांना जमिनीवर झोपायची सवय आहे त्यांनी दोन ब्लँकेटे अंगावर घेण्यापेक्षा एक खाली घालून पाहावे.

इंदूर

आमच्या मराठी घरात थंडीचा मुख्य आधार रजाई. दिवाळीनंतर पिंजारी दारावर येई. अंगणात रजाई उसवून जुना कापूस बाहेर काढायचा, धनुकलीच्या तातीवर तो पिंजायचा, पुन्हा खोळीत सारखा पसरायचा आणि वरून लांब टाके घालायचे, असा दिवसभराचा कार्यक्रम असे. वर्षभराच्या वापराने कापूस दबतो, त्यातली हवा निघून जाते आणि रजाई वजनदार असूनही गार लागते. पिंजल्यावर तोच कापूस दुप्पट फुगे. आता यंत्रावर पिंजून मिळतो. नव्या पॉलिएस्टरच्या रजया हलक्या आणि धुवायला सोप्या आहेत, माझ्या मुलांना त्याच आवडतात. मला मात्र अंगावर थोडे वजन असल्याशिवाय झोप लागत नाही.

नागपूर, डॉक्टर

शेगडीच्या आठवणी इथे येतीलच, म्हणून आधीच लिहितो. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नये. कोळसा अपुऱ्या हवेत जळू लागला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, गुंगी येते, आणि झोपलेल्या माणसाला यातले काहीच कळत नाही. जुन्या घरांत कौलांच्या आणि दारांच्या फटींतून हवा खेळती असे, म्हणून बाळंतिणीच्या बाजेखालची शेगडी बहुतेकदा निभावून जाई. आजच्या घट्ट बसणाऱ्या सरकत्या खिडक्यांच्या खोलीत ती निभावत नाही. न्हाणीघरात बसवलेल्या गॅस गिझरलाही हेच लागू आहे. तो बाहेर, मोकळ्या हवेत असावा. बाळ-बाळंतिणीला शेक द्यायचाच असेल तर गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वापरावी. ओव्या-शेपाच्या धुरीचा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आग्रह मी समजू शकतो, पण तान्ह्या बाळाच्या फुप्फुसांना धूर कोणताही असो, नकोच.

टोरांटो, मूळ गाव मिरज

आपण खोली नव्हे, अंग गरम करतो, असे धाग्याच्या सुरुवातीला म्हटले आहे ते मला पटले, कारण इथे उलट आहे: माणूस सोडून घर गरम करतात. मी आले तेव्हा भाड्याच्या घराची चौकशी करताना कळले, की थंडीच्या महिन्यांत घरमालकाने किमान २१ अंश तापमान राखले पाहिजे, असा शहराचा नियमच आहे. बाहेर उणे २० असताना आत सुती परकर-पोलक्यात वावरणारी माझी आई पाहून मला फार बरे वाटले. त्रास वेगळाच होतो. बाहेरच्या अतिथंड हवेत बाष्प नसल्यासारखेच असते आणि ती आत येऊन तापली की आणखी कोरडी होते. ओठ फुटतात, नाकातून रक्त येते, लाकडी पाटाला चिरा पडतात. आईने मिरजेहून येताना खोबरेल तेल आणि कोकमाचे तेल आणले होते. रात्री झोपताना टाचांना कोकमाचे तेल लावून मोजे घालायचे हा तिचा नेम इथल्या कोणत्याही मलमापेक्षा उपयोगी पडला.

सातारा जिल्हा, कोरेगावजवळ

आमचे घर पत्र्याचे आहे, लहानपणीही होते. पत्रा दिवसा तापतो तितक्याच लवकर रात्री गार पडतो आणि पहाटे घरातल्या माणसांच्या श्वासाचे पाणी होऊन त्याचे थेंब वरून अंथरुणावर पडतात. त्यावर आईचा उपाय म्हणजे पत्र्याखाली हातभर अंतरावर जुन्या साड्या एकमेकींना शिवून ताणून बांधायच्या. मधल्या जागेत हवा कोंडून राहते आणि थेंब कापडातच जिरतात. पांघरायला वाकळ. तिच्यात मध्ये वडिलांची जुनी धोतरे, वर-खाली नऊवारी लुगडी आणि जवळजवळ घातलेला धावदोरा. दोरा जवळ असला की आतल्या घड्या सरकत नाहीत आणि मध्ये पोकळ जागा राहून गार लागत नाही. उन्हे वर आली की वाकळा अंगणातल्या दोरीवर वाळत घालणे हे आम्हा मुलांचे काम असे, कारण ओलसर वाकळ कितीही जाड असली तरी उपयोगाची नसते. हे सगळे मी आजही असेच करते. फक्त छताच्या साड्या निवडताना सुतीच घेते. नायलॉनच्या साडीवर पाणी साचते, एका जागी गोळा होते आणि मग सगळे एकदम खाली येते.