तुळजापूर: भाद्रपदाच्या शेवटच्या आठवड्यात अभिषेक होईल का?

उदो_उदो:
लग्नानंतरचं पहिलं कुलदैवत दर्शन आहे. नवरा-नवरी आणि ७४ वर्षांच्या सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात. ओटी भरायची आहे आणि पंचामृत अभिषेकही करायचा आहे. नवरात्राची गर्दी टाळायची म्हणून भाद्रपदाचा शेवटचा आठवडा धरलाय. सोलापूरपर्यंत रेल्वेने येऊ. काही चुकतंय का? ओटीत नेमकं काय न्यावं?

बालाघाटी:
दिवसच चुकलाय. तिकीट काढलं नसेल तर थांबा.

भाद्रपद वद्य अष्टमीला देवी सिंहासनावरून पलंगावर जाते आणि अमावास्येपर्यंत तिथेच असते. ही घोर निद्रा. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, जागेवरून हलवता येते, म्हणूनच हे शक्य होतं. त्या दिवसांत दर्शन पलंगावरच्या देवीचं होतं. सिंहासनावरचा पंचामृत अभिषेक बंद असतो. शिवाय तो पितृपंधरवडा, नव्या जोडप्याचा कुलाचार तेव्हा बहुतेक घरांत करत नाहीत.

घटस्थापनेच्या पहाटे देवी पुन्हा सिंहासनावर येते. पण दसऱ्यानंतर लगेच जायचा विचार करू नका, तिथे बरेच जण फसतात. सीमोल्लंघनाला मूर्तीला साड्यांचं दिंड बांधतात, म्हणजे साड्यांनी गुंडाळतात, नगरहून आलेल्या पालखीतून मंदिराभोवती प्रदक्षिणा होते आणि देवी तिथूनच श्रमनिद्रेला, म्हणजे पुन्हा पलंगावर जाते. ती उठते कोजागरीला. तेव्हाची गर्दी नवरात्राएवढीच, सोलापूरकडून आणि कर्नाटकातून लोक चालत येतात, रस्त्यावरची वाहतूक वळवलेली असते. तिसरी निद्रा पौषात, शाकंभरी नवरात्राआधीचे सात-आठ दिवस.

तुमच्यासाठी कार्तिक किंवा मार्गशीर्ष चांगला. पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार आणि रविवार सोडून बुधवार-गुरुवार धरा.

कवडीमाळ:
ओटीबद्दल. साडी, खण, शेंडीचा नारळ, ओंजळभर तांदूळ, हळकुंड, सुपारी, खारीक, बदाम, नाणं, हळद-कुंकू, बांगड्या. लेकुरवाळं, म्हणजे फुटवे असलेलं हळकुंड मिळालं तर तेच घ्या. हे सगळं घरीच एका कापडात बांधा. हळद-कुंकवाच्या पुड्या मात्र झाकणाच्या डबीत, नाहीतर रांगेतल्या रेटारेटीत फुटतात आणि साडी रंगते. साडीची घडी उलगडू नका. नारळ भरताना शेंडी देवीकडे.

घरात परडी, म्हणजे देवीच्या नावाने जोगवा मागायची टोपली असेल तर ती रिकामी नेऊ नका, पीठ-मीठ घालून न्या. नसेल तर नव्याने घ्यायची का, हे घरातल्या मोठ्यांना विचारूनच ठरवा. परडी घेतली की तिचा नेम पाळावा लागतो, जोगवा मागावा लागतो. बाजारात हौसेने घेऊन घरी माळ्यावर टाकलेली परडी बघवत नाही. कवड्यांची माळ मात्र नव्या जोडप्याने जरूर घ्यावी, देवीच्या पायी लावून मग गळ्यात घालावी.

बालाघाटी:
आता सासूबाई. लोक देऊळ म्हणजे चढण समजतात, इथे उलटं आहे. महाद्वारातून दगडी पायऱ्यांनी खाली उतरायचं. उतरताना गुडघ्यांवर जास्त भार येतो, काठी हवीच. वाटेत कल्लोळ तीर्थ आणि गोमुख तीर्थ. हात-पाय धुऊन पुढे सिद्धिविनायक, मग निंबाळकर दरवाजा, त्यानंतर समोर होमकुंड आणि मुख्य मंदिर. तीर्थाजवळची फरशी ओली असते, पडणारे तिथेच पडतात. हात धरूनच न्या.

परतताना हेच सगळं चढायचं असतं. दुपारी दगड तापतो आणि पाय अनवाणी, म्हणून दर्शन सकाळीच उरका. सोलापूर ते तुळजापूर सुमारे ४५ किलोमीटर, एसटी भरपूर. आदल्या संध्याकाळी मुक्कामाला पोचणं सगळ्यात बरं. धाराशिव स्टेशन त्याहून जवळ, सुमारे निम्म्या अंतरावर, पण गाड्या कमी.

अभिषेकाची आणि दर्शनाची रांग वेगळी असते. सासूबाईंनी मुखदर्शन, म्हणजे लांबूनच दर्शन घेऊन बसावं, जोडप्याने अभिषेक करावा. कुलदैवताला तिघांनी एकाच रांगेत उभं राहिलं पाहिजे असा काही नियम नाही.

आराधी:
एक भर. बऱ्याच घराण्यांचे पुजारी पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असतात. निघण्यापूर्वी घरच्या जुन्या माणसांकडून नाव विचारून घ्या आणि अभिषेकाचं आधीच कळवा. साहित्य कोणी आणायचं, दक्षिणा किती, हे तेव्हाच बोलून घ्यावं. गाभाऱ्याच्या दारात हा विषय निघाला की मन तिथेच अडकतं.

आणि निद्रेतलं दर्शन कमी समजू नये. अभिषेकाचा हट्ट नसेल तर पलंगावरच्या देवीला बघणं ही फार जवळची, हळवी गोष्ट आहे. पण पहिल्या दर्शनाला देवी सिंहासनावर असावी, हे मलाही पटतं.

उदो_उदो:
मार्गशीर्षातला गुरुवार धरतो. मंदिरामागच्या चिंतामणीवर हात ठेवायचा का?

आराधी:
दर्शनानंतर, प्रदक्षिणेत. गोल दगड आहे. दोन्ही तळवे हलके टेकवा, मनात एकच प्रश्न धरा, जोर लावू नका. उजवीकडे फिरला तर होकार, डावीकडे नकार. तिथेही रांग असते, सासूबाईंना उभं करू नका.