शब्दचर्चा : ‘फर्म’ला पेढी म्हणावे का? (बोलणाऱ्यांची नावे म्हणजे बडोद्यातील वस्त्या.)

दांडियाबाजार : जर्मनी, जपान व अमेरिका येथील उद्योगांची तुलना करणाऱ्या लेखाचा मी अनुवाद करीत आहे. ‘फर्म’साठी सहजच ‘पेढी’ लिहिले, कारण गुजरातीच्या शेजारामुळे आम्हा बडोदेकरांना कोणतीही व्यापारी संस्था पेढीच वाटते. पुण्याच्या संपादकांनी तो शब्द खोडून समासात विचारले, ‘सोन्याची की चांदीची?’ मग काय लिहावे?

रावपुरा : सरळ ‘कंपनी’ लिहावे. पेढी बुडाली की मालकाच्या राहत्या घरावर टाच येत असे. मर्यादित कंपनीच्या भागधारकाचे फक्त भागभांडवल जाते.

मांडवी : माझ्या मते पेढी ‘पीठिके’वरून आली. बँकही इटालियन ‘बांको’वरून, म्हणजे बाकावरून आली आहे. गादी काय आणि बाक काय, बैठक तीच!

दांडियाबाजार : व्युत्पत्ती गोड आहे, परंतु माझी खरी अडचण पुढेच आहे. १९७६ च्या कायद्याप्रमाणे २,००० हून अधिक कामगार असलेल्या जर्मन कंपनीत वरच्या मंडळाच्या निम्म्या जागा कामगारांच्या प्रतिनिधींना मिळतात, समान मते पडल्यास अध्यक्षाचे जादा मत निर्णायक ठरते आणि रोजचा कारभार दुसरेच मंडळ पाहते. अमेरिकेत मंडळ एकच असते. दोन्हीकडे ‘संचालक मंडळ’ लिहिले, तर लेखाचा मुद्दाच नाहीसा होतो.

रावपुरा : ‘पर्यवेक्षक मंडळ’ आणि ‘कार्यकारी मंडळ’.

बाबाजीपुरा : ‘पर्यवेक्षक’ म्हटले की परीक्षेचा वर्ग आठवतो, ‘देखरेख मंडळ’ काय वाईट आहे? १९३१ साली येथेच, बडोद्यात, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला आणि राज्यकारभाराचे शब्द आठ भाषांत शेजारी शेजारी मांडले गेले. तरी रूढ काय व्हायचे ते लोकच ठरवतात. १९०८ पासूनच्या बँक ऑफ बडोदाला ‘अधिकोष’ म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

दांडियाबाजार : जपानचेही सांगा. तेथील ‘मुख्य बँक’ कर्ज देई, पाच टक्क्यांच्या कायदेशीर मर्यादेत कंपनीचे भागही बाळगी आणि धंदा बसला की आपली माणसे कारभारात धाडी. अशा कंपनीला बँकेचे ‘ग्राहक’ म्हणणे फारच पातळ वाटते.

मांडवी : ‘कूळ’! सावकाराचे ते कूळ. माझी पेढी मागच्या दाराने परत आली पाहा.

रावपुरा : जपानी मोटारी करणारा कारखाना ‘कूळ’? वाचक कूळकायद्याची कलमे शोधू लागतील. आमची सावली गावाकडची जमीन त्याच कायद्यात गेली, म्हणून सांगतो.

बाबाजीपुरा : तेव्हा कूळ कोण होते?