फायटर: लढवय्या, योद्धा की शिलेदार?

चौथी सीट:
गोरेगावला आमचा पाच जणांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा ग्रुप आहे, म्हणजे प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फासे टाकत गोष्ट पुढे न्यायची असा खेळ. दर रविवारी, मेगाब्लॉक सांभाळून. यंदा खेळ पूर्ण मराठीतून चालवायचं ठरलं. पात्रांच्या पेशांपैकी विझर्डचा जादूगार, क्लेरिकचा पुजारी झाला. (रोग म्हणजे चोर-भामटा, त्याचं नंतर बघू, ‘रोग झालाय’वरचे सगळे विनोद करून झालेत.) गाडी अडली फायटरवर, म्हणजे हत्यारांनी लढणाऱ्या पात्रावर. मी ‘लढवय्या’ केलं आणि तेव्हापासून आमचा फायटर मारामारी संपली की मोबाइल काढून बसतो. किल्लेदाराशी बोलणी करायची वेळ आली की म्हणतो, “मी लढवय्या, माझं इथे काय काम?” शब्द चुकला का?

कटिंग:
फायटरच ठेवा की. सगळ्यांना कळतं.

वीस बाजू:
कळतं, पण भलतंच कळतं. मारामारीच्या बातम्यांत ‘लोखंडी फायटरने वार’ असतं, ते बोटांत घालायचं हत्यार. नाहीतर सिनेमात हिरोचा मार खाणारा.

आषाढसर:
‘लढवय्या’तला प्रत्यय बघा. खवय्या म्हणजे नुसता जेवणारा नव्हे, खाण्याची हौस असलेला. तसा लढवय्या म्हणजे लढणं हा ज्याचा स्वभाव. हल्ली तर हे विशेषणच झालंय, आजारातून उठलेल्या आजीही लढवय्या असतात. स्वभावाचं नाव पेशाला दिलंत तर तो पेशा लढाईपुरताच उरणार. ‘योद्धा’ मला रथाशिवाय दिसतच नाही. ‘पाईक’ची गंमत उलटी. मूळचा पायदळाचा शिपाई, पण आता आपण ‘विचारांचा पाईक’ म्हणतो. लढाई गेली, निष्ठा उरली.

माझं मत शिलेदाराला. ‘सिलाह’ म्हणजे हत्यार, त्यावरून आलेला शब्द. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदाराचा घोडा आणि हत्यारं स्वतःची. म्हणजे घोडा पारखणं त्याला आलंच. चंदीचा खर्च, नालबंदाची उधारी, कोणत्या सरदाराकडे पदरमोड होणार नाही याचा अंदाज, हे सगळं त्याच्या डोक्यात असणार. तलवार न उपसता करायची इतकी कामं त्या एका शब्दात आहेत.

वीस बाजू:
शब्द छान, पण खापर निव्वळ शब्दावर फोडू नका. नियमांनीच याला उपाशी ठेवलं होतं. खेळाच्या 2000 सालच्या तिसऱ्या आवृत्तीत फायटरला दर पातळीला कौशल्याचे गुण 2 (अधिक बुद्धीचे मिळतील ते), रोगला 8. किल्लेदाराशी बोलणार कशाच्या जोरावर? आणि 1974 च्या पहिल्या खेळात हाच ‘फायटिंग मॅन’ नवव्या पातळीला लॉर्ड व्हायचा, गढी बांधून मुलखातून सारा वसूल करायचा. तेव्हा लढाईबाहेर सर्वांत मोठा संसार त्याचाच होता!

2014 च्या नियमांत जरा बरं झालं. दोनच कौशल्यं, पण यादीत इतिहास, जनावरं हाताळणं, समोरच्याचं मन ओळखणं, दम देणं हे सगळं आहे. शिवाय पार्श्वभूमीची दोन वेगळी. 2024 च्या नियमांत तर दुसऱ्या पातळीपासून फसलेल्या कौशल्याच्या फाशात ‘सेकंड विंड’ (दम परत मिळवायची फायटरची खास ताकद) वापरून दहा बाजूंच्या फाशाची भर घालता येते. तरीही नाही जमलं तर तो वापर फुकट जात नाही. तुमच्या मित्राने पात्राची माहिती असलेलं शीट नीट वाचलंय का?

चौथी सीट:
नव्हतं वाचलं. काल शीटवर खोडून ‘शिलेदार’ लिहिलं आणि विचारलं, घोडा कोणाचा? तो म्हणाला, सावकाराकडे गहाण आहे. मग काय, अर्धा तास घोडा सोडवण्यातच गेला. सावकाराच्या तबेल्यातली आजारी घोडी याने नेमकी ओळखली (जनावरं हाताळणं, वीस बाजूंच्या फाशावर 17) आणि व्याज माफ करून घेतलं. जादूगार बिचारा शेंगदाणे खात बसला होता.

पुढच्या महिन्यापासून एक मैत्रीणही फायटर घेतेय. तिला काय, शिलेदारीण?

आषाढसर:
नको, पाटलीणबाईसारखं ते शिलेदाराची बायको वाटेल. तीही शिलेदारच. फक्त तिच्या घोड्याची चौकशी आधी करून ठेवा.