मदत हवी आहे: ‘ग्लास केस’ की ‘ग्लासेस केस’?

नमस्कार मंडळी. माझ्या मावसभावाचं दादर पश्चिमेला चष्म्यांचं दुकान सुरू होतंय. पाटी रंगवणाऱ्याला शुक्रवारपर्यंत मजकूर द्यायचाय आणि घरात इंग्रजीवरून महाभारत चाललंय.

शाळेतला नियम एवढाच आठवतो, की एक नाम दुसऱ्या नामाला चिकटलं की एकवचनी होतं. टूथब्रशने कोणी एकच दात घासत नाही, तरी ‘टीथब्रश’ नाही. ‘टेन रुपीज’ म्हणतो, पण ‘टेन-रुपी नोट’. ट्राउझर्ससुद्धा खिशाला चिकटल्या की ट्राउझर पॉकेट! आपल्याकडेही तसंच की, फूलबाजारात काय एकच फूल असतं?

मग गुड्स ट्रेन, सेव्हिंग्ज अकाउंट, स्पोर्ट्स शूज कसे चालतात? काहींचं उत्तर सुचतं: ‘एस’ काढला तर अर्थच बदलतो. मालगाडीची ‘चांगली गाडी’ होईल आणि १९६२चा कस्टम्स ॲक्ट रूढींचा कायदा वाटेल. पण सिस्टम्स ॲनालिस्ट? तिथे ‘एस’ नसता तर काय बिघडलं असतं?

आता खरी अडचण. चष्म्याच्या डबीला ‘स्पेक्टॅकल केस’ म्हणतात, ते ठीक. पण भावाला ‘ग्लासेस’ हाच शब्द हवाय. ‘ग्लास केस’ म्हणजे तर काचेचं कपाट. म्हणून ‘ग्लासेस केस’ लिहायचं ना? आणि ‘सनग्लास स्टँड’ की ‘सनग्लासेस स्टँड’?

भाऊ म्हणतो, गिऱ्हाईक व्याकरण बघत नाही. पण आमच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई रोज त्याच रस्त्याने मंडईत जातात, आणि त्यांना तोंड मलाच द्यायचंय.