शेपटीचं कव्हरिंग केलं आणि स्टॅब (शेपटीचा आडवा पंख) पापडासारखा वाकला, आता सगळं काढू का?

नवशिका_सोलापूर
नमस्कार मंडळी, पहिलंच मॉडेल विमान बनवायलोय, प्लॅनवरनं बाल्साच्या हलक्या लाकडाचं ट्रेनर (शिकाऊ विमान), इलेक्ट्रिक, विंग साधारण ४८ इंच. बॉडी झाली, विंग झाली, म्हटलं आता शेपटी म्हणजे काय दोन तासाचं काम, तिथंच अडकलो. स्टॅब ६ मिमीच्या काड्यांचा आहे, मधे मोकळा. लाल फिल्म (वरनं चढवायचं, गरम केलं की चिकटणारं पातळ प्लॅस्टिक) घेतली, वरची बाजू घरच्या इस्त्रीनं चिकटवली, मग हीट गननं मस्त ढोलासारखी ताणली, लई भारी दिसत होतं, आणि सकाळी बघतो तर दोन्ही टोकं वर उचललेली. उन्हात वाळत घातलेला पापड कसा होतो तसं. खालची बाजू अजून उघडीच आहे. आता फिल्म काढून परत करू का नवा स्टॅबच बनवू? आणि दुसरं, बॉडीला चिकटवताना फिल्मवरच इपॉक्सी (दोन भाग मिसळून लावायचा गोंद) लावली तर चालंल का? फिन (शेपटीचा उभा पंख) आणि रडर (त्याच्यामागची हलणारी फळी) अजून केलेलं नाही.

बाल्सा_काका
काढू नकोस रे बाबा. स्टॅब खराब झालेला नाही, एकाच बाजूनं ओढलाय म्हणून वाकलाय. फिल्म तापली की आकसते आणि पातळ काड्यांना आपल्याकडं खेचते, समोरून तेवढंच खेचणारं कोणी नव्हतं म्हणून झालं हे. आधी दोन्ही बाजूंच्या नुसत्या कडा चिकटवून घ्यायच्या, मग वर थोडी हीट, उलटा करून खाली थोडी, असं आलटून पालटून ताणायचं.

आता खालची बाजू लाव, कडा पक्क्या कर आणि हळूहळू ताण, बराचसा सरळ येईल. सरळ आला का ते डोळ्यानं ठरवू नकोस, किचनच्या ग्रॅनाइटच्या ओट्यावर पालथा ठेवून एकेक कोपरा दाबून बघ, डुगडुगला तर पीळ आहे. पीळ असंल तर दोन्ही हातांनी उलट्या दिशेला जरा जास्तच पिळून धर, कोणाला तरी हीट गन फिरवायला सांग, आणि गार होईपर्यंत सोडू नकोस. घाईत सोडला की परत जाग्यावर जातो. आमच्या हिला गन धरायला लावली की ती म्हणते एवढ्या वेळात भाकरी झाली असती.

फिन करताना एक लक्षात ठेव, पुढची कडा आणि टोकाची गोलाई आधी २२० आणि मग ३२० च्या सँडपेपरनं घास आणि भुसा पूर्ण पुसून काढ. भुशाचा एक कण राहिला तरी फिल्मखाली मुरमासारखा दिसतो. स्टॅबला खालची फिल्म आधी, वरची नंतर, ५-६ मिमी ओव्हरलॅप, म्हणजे जोड वरनं दिसत नाही. तुझी उलटी झाली, असू दे, उडताना कोण बघतंय.

होटगी_रोड_फ्लायर
काय बे, घरची इस्त्री?? आकडे नसतात तिच्यावर, सिल्क-कॉटन असलं लिहिलेलं असतं. बऱ्याच फिल्म १०० अंशाच्या आसपास चिकटतात आणि १५० च्या पुढं नीट ताणतात, मधलं अंतर सांभाळता आलं पाहिजे. कव्हरिंगची छोटी इस्त्री घे की.

बाल्सा_काका
मी पहिली पाच विमानं घरच्याच इस्त्रीनं केली. जुना सुती बनियन गुंडाळायचा, आधी तुकड्यावर टेस्ट करायची. पहिल्याच विमानाला एवढा खर्च कशाला सांगतोस पोराला.

तीन_क्रॅश_पुरे
इपॉक्सीच्या प्रश्नाकडं कोणी बघितलंच नाही. फिल्मवर अजिबात चिकटवू नकोस!! इपॉक्सी फिल्मला धरते, पण फिल्म लाकडाला धरते ती फक्त तिच्या पातळ गोंदावर, म्हणजे अख्खी शेपटी त्या गोंदावर लटकणार. लाकडाला लाकूड भिडलं पाहिजे. स्टॅब जागेवर ठेवून बॉडीच्या दोन्ही बाजूंनी पेननं रेघ मार, आणि रेघेच्या २ मिमी आतून फिल्म काढ, म्हणजे कड बॉडीखाली दबते.

आणि आता नीट वाच, कारण माझं विमान ह्यात गेलंय. मी नव्या ब्लेडनं फिल्म कापली, सर्रकन, समाधान वाटलं. ब्लेड बाल्सात अर्धा मिमी उतरलं हे कळलंच नाही. तिसऱ्या फ्लाइटला लूप मारून बाहेर येताना स्टॅब बरोबर त्या रेघेवर मोडला आणि विमान नाकावर ज्वारीच्या रानात. शेतकरीदादा आधी विमान बघायला आले, मग कणसं मोजायला. जिथं सगळा जोर येतो तिथंच आपण चीर मारून ठेवतो. त्यामुळं ब्लेड नको, सोल्डरिंग आयर्न स्टीलच्या पट्टीवरनं हलकं ओढ, फिल्म वितळून सुटते, लाकडाला चीर पडत नाही. नाहीतर फिल्म लावायच्या आधीच काचेवर मापानं कापून घ्यायची.

चिकटवताना ३० मिनिटवाली इपॉक्सी घे, ५ मिनिटवालीत जुळवायला वेळच मिळत नाही. नाकाच्या मध्यावर टाचणी मार, तिथून स्टॅबच्या दोन्ही टोकांपर्यंत मोज, दोन्हीकडं सारखं आलं पाहिजे. दोरा वापरणार असशील तर सुती नको, सोलापुरात सुताला तोटा नाही पण ते ताणतं, स्टीलचा टेप बरा. मागं उभं राहून स्टॅब विंगला समांतर दिसतोय का बघ, आणि फिन गुण्यात, ९० अंश.

होटगी_रोड_फ्लायर
+१. हिंजच्या (हलणाऱ्या भागांच्या बिजागरीच्या) खाचा फिल्मच्या आधी पाड. कव्हरिंग झाल्यावर फिल्मला चीर देऊन सीए हिंज (सीए म्हणजे झटपट चिकटणारा सुपरग्लू) घाल, दोन्ही बाजूंनी पातळ सीएचे ३-४ थेंब, दहा मिनिटांनी ओढून बघ. आणि इपॉक्सी थापू नकोस. शेपटी सीजीपासून (विमानाच्या तोलाच्या बिंदूपासून) नाकाच्या दुप्पट-तिप्पट लांब असते, मागं १० ग्रॅम वाढले की पुढं २०-३० ग्रॅम शिसं भरत बसशील. आणखी एक, मे महिन्यात विमान बंद गाडीत ठेवू नकोस, लाल फिल्म आहे, सुरकुत्या पडतात.

नवशिका_सोलापूर
काका, खालची लावली, आलटून पालटून केलं. ओट्यावर एकच कोपरा साधारण २ मिमी उचलतोय. ताईला गन दिली, पिळून गार होईपर्यंत धरला, आता डुगडुगत नाही! मधली फिल्म सोल्डरिंगनं काढली, वास लई घाण येतो तेवढं सांगायचं राहिलं तुमचं. पण इस्त्रीला लाल रंग लागलाय आणि सकाळी बाबांच्या पांढऱ्या शर्टवर उतरला. तो कशानं जातो?

बाल्सा_काका
इस्त्री गरम असतानाच जाड सुती फडक्यावर घासून काढ. शर्टचं तुझं तू बघ.