१८ पैकी १८ पास पूर्ण, तरी रेटिंग १५५.८? हा कुठला हिशोब?

नोव्हायची_आई

नमस्कार मंडळी. आम्ही मिशिगनमध्ये राहतो, डेट्रॉइटपासून फार लांब नाही. नवरा पक्का क्रिकेटवाला, मला कुठल्याच खेळात रस नव्हता. पण मुलगा हायस्कूलला गेल्यापासून घरात रविवारी लायन्स, म्हणजे डेट्रॉइटचा अमेरिकन फुटबॉलचा संघ, सोडून दुसरा विषय नसतो, त्यामुळे ऐकून ऐकून मलाही बरंच कळायला लागलंय. एक गोष्ट मात्र डोक्यात शिरत नाही.

३० सप्टेंबर २०२४ ची सिअ‍ॅटलविरुद्धची मॅच. आमच्या जॅरेड गॉफने (हा लायन्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे पास टाकणारा मुख्य खेळाडू) १८ पास टाकले आणि १८ च्या १८ पूर्ण झाले, म्हणजे आपल्याच खेळाडूंनी झेलले. २९२ यार्ड, २ टचडाउन (चेंडू शेवटच्या रेषेपलीकडे नेणं), इंटरसेप्शन (समोरच्या संघाने पास पकडणं) एकही नाही. इतके पास टाकून एकही वाया न जाण्याचा तो एनएफएलचा, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगचा, विक्रम आहे. तरीही पासर रेटिंग (पास टाकणाऱ्याच्या खेळाला मिळणारे गुण) १५५.८, आणि पूर्ण रेटिंग म्हणे १५८.३ असतं.

परवा पिट्सबर्गहून भाचा आला होता. त्याने जेवता जेवता काडी टाकली. २००५ मध्ये बेन रॉथलिसबर्गरने टेनेसीविरुद्ध ११ पैकी ९ पास पूर्ण केले, २१८ यार्ड आणि २ टचडाउन, आणि त्याला १५८.३ मिळालं! दोन पास वाया घालवणारा पूर्ण, आणि एकही न घालवणारा अपूर्ण? आमच्या चिरंजीवांनी ताट सोडलं नाही एवढंच.

आणि मुळात १५८.३ हा आकडा आणला कुठून? शंभर का नाही?

भागाकार

ताई, भाच्याचे आकडे बरोबर आहेत आणि चिरंजीवांचा रागही रास्त आहे. मी स्वतः पिट्सबर्गचा, तीस वर्षं तिथल्या स्टीलर्स संघाच्या नावाने घसा बसवलेला माणूस, तेव्हा आमच्या बेनबद्दल जरा पक्षपात दिसला तर चालवून घ्या. पण आयुष्यभर विम्याच्या आकडेमोडीवर पोट भरलं, म्हणून सूत्रापासूनच सुरुवात करतो.

रेटिंग चार गोष्टींचं मिळून बनतं: किती टक्के पास पूर्ण झाले, दर पासमागे किती यार्ड मिळाले, किती टक्के पासवर टचडाउन झाला, आणि किती टक्के पास इंटरसेप्ट झाले. प्रत्येकाला शून्य ते २.३७५ असे गुण. चारांची बेरीज करायची, सहाने भागायचं, शंभराने गुणायचं. चारही ठिकाणी कमाल मिळाली तर बेरीज ९.५, आणि ९.५ भागिले ६ गुणिले १०० म्हणजे १५८.३. झालं तुमचं कोडं.

आता कमाल मिळवायला काय लागतं ते बघा. ७७.५ टक्के पास पूर्ण, दर पासमागे १२.५ यार्ड, ११.८७५ टक्के पासवर टचडाउन, आणि इंटरसेप्शन शून्य. या रेषेच्या वर कितीही गेलात तरी गुण २.३७५ च. दहावीच्या मार्कशीटसारखंच आहे हे. गणितात शंभरपैकी शंभर पडले म्हणून इंग्रजीतली तूट भरून निघत नाही.

गॉफचं तेच झालं. पास पूर्ण १०० टक्के, पण त्याला ७७.५ वाल्याइतकेच गुण. दर पासमागे १६ यार्ड, तिथेही कमाल. इंटरसेप्शन नाही, कमाल. अडला तो टचडाउनवर. १८ पैकी २ म्हणजे ११.१ टक्के. हवे होते ११.८७५. तिथे त्याला २.२२ गुण मिळाले, आणि सगळं मिळून १५५.८. बेनचे ११ पैकी २, म्हणजे १८ टक्के. बाकी तिन्हीकडे तो रेषेच्या वर होताच (९ बाय ११ म्हणजे जवळजवळ ८२ टक्के), म्हणून १५८.३.

आणि खरी गंमत पुढे आहे. दोन टचडाउनवर पूर्ण रेटिंग हवं असेल तर जास्तीत जास्त १६ पास टाकता येतात. सतरावा टाकला की टक्केवारी रेषेखाली. म्हणजे गॉफने त्या रात्री टचडाउन नसलेले दोन साधे पास टाकलेच नसते, तर १६ पैकी १६ आणि १५८.३. जास्त चांगलं खेळून त्याचं रेटिंग कमी झालं.

शिवाय त्या मॅचमध्ये लायन्सचे ४२ गुण झाले, सहा टचडाउन. त्यातले तीन माँटगोमरी आणि गिब्ज यांनी चेंडू घेऊन पळत केले. मैदानाच्या टोकाशी आल्यावर कोचने पासऐवजी रन सांगितला की टचडाउन क्वार्टरबॅकच्या नावावर लागत नाही. एकाच्या जागी जरी पास सांगितला असता तरी आज तुमच्या घरी शांतता असती. माझं म्हणणं एवढंच: १५८.३ हे निर्दोष खेळाचं प्रमाणपत्र नाही. चार रेषा आहेत, त्या चारही एकाच दिवशी ओलांडल्या गेल्या. त्यातली टचडाउनची रेषा तर अर्धी कोचच्या हातात.

गॉफचं दुःख फार करू नका मात्र. त्याच सीझनला नोव्हेंबरमध्ये, त्याच फोर्ड फील्डवर, जॅक्सनव्हिलविरुद्ध २९ पैकी २४, ४१२ यार्ड, ४ टचडाउन. पाच पास वाया गेले आणि रेटिंग १५८.३. चिरंजीवांना विचारा, यातला कुठला खेळ त्यांना जास्त आठवतो.

आकडा शंभर का नाही? हे सूत्र १९७३ पासून वापरात आहे. त्याआधी क्वार्टरबॅक एकमेकांच्या तुलनेत लावायचे, त्यामुळे सगळ्यांच्या मॅच संपेपर्यंत कोण पुढे हे कळायचं नाही. लीगचे कमिशनर पीट रोझेल यांनी नवी पद्धत मागवली आणि फुटबॉलच्या हॉल ऑफ फेमचे डॉन स्मिथ यांच्या समितीने ती बसवली. साठच्या दशकाची सरासरी घेऊन त्यांनी सामान्य खेळाला प्रत्येक ठिकाणी १ गुण दिला. चार भागिले सहा गुणिले शंभर, म्हणजे ६६.७ ही सर्वसाधारण पायरी. शंभर म्हणजे उत्तम. पास पूर्ण करण्यात ७० टक्क्यांना २ गुण ठेवले, कारण तोवरचा सीझनचा विक्रम सॅमी बॉचा होता, १९४५ चा, ७० टक्क्यांच्या किंचित वर. त्याच्याही पुढे थोडी जागा हवी म्हणून २.३७५. आज ७० टक्के गाठणारे बऱ्याच सीझनला निघतात. पट्टी मात्र तीच.

हार्बरकाठचा

काका, सगळं पटलं, पण बाल्टिमोरच्या माणसासमोर हा विषय निघाला आणि आमचा क्वार्टरबॅक लमार जॅक्सन, त्याचं नाव नाही? रेग्युलर सीझनमध्ये १५८.३ चार वेळा. २०१९ मध्ये मायामी आणि सिनसिनाटी, २०२३ च्या ३१ डिसेंबरला परत मायामी, आणि २०२४ मध्ये डेन्व्हर. तुमच्या बेनच्याही चारच आहेत.

२०१९ ची पहिली मॅच आठवा. मायामीत २० पैकी १७, ३२४ यार्ड, ५ टचडाउन, ५९–१०. ड्राफ्टच्या वेळी (संघ नवे खेळाडू निवडतात तेव्हा) याला रिसीव्हर (पास झेलणारा) करा म्हणणारे मोठमोठे लोक होते, आणि ३१ खेळाडू निवडून झाल्यावर त्याचा नंबर लागला. मॅचनंतर गडी हसत म्हणतो, रनिंग बॅकच्या (चेंडू घेऊन पळणाऱ्याच्या) मानाने वाईट नाही!

माझी तक्रार वेगळीच आहे. त्याच वर्षी त्याने पळून १,२०६ यार्ड काढले, क्वार्टरबॅकचा विक्रम. पासर रेटिंगमध्ये त्यातला एक यार्डसुद्धा धरत नाहीत. तिसऱ्या डाउनला (चार प्रयत्नांपैकी तिसऱ्याला) चार जणांना चकवून पंधरा यार्ड पळाला तरी शून्य, आणि दुसरा कुणी दोन यार्डांचा पास टाकतो, पुढे रिसीव्हर साठ यार्ड धावतो, ते बासष्ट यार्ड पास टाकणाऱ्याचे. हा कुठला न्याय?

कॉफीआणिकोड

म्हणूनच तर ईएसपीएन चॅनलने २०११ मध्ये क्यूबीआर हे वेगळं रेटिंग काढलं. शून्य ते शंभर. पळणं, सॅक (पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं), मॅचची परिस्थिती, सगळं धरतात. १९७३ चं कॅल्क्युलेटरवालं सूत्र अजून कशाला कवटाळायचं?

भागाकार

हार्बरकाठचे, लमारला विसरलो नव्हतो, तुम्ही येणार याची खात्री होती. तक्रार रास्तच आहे. आणखी एक घ्या: सॅक झाला तर रेटिंगला धक्का लागत नाही, पण सॅक टाळायला चेंडू शहाणपणाने बाहेर फेकला तर तो वाया गेलेला पास. घड्याळ थांबवायला चेंडू जमिनीवर आपटला, तोही वाया. रिसीव्हरच्या हातात बसलेला चेंडू त्याने सोडला, तरी नावावर क्वार्टरबॅकच्याच.

तरी कॉफीवाले, मी जुनंच सूत्र धरून बसणार. क्यूबीआरचा आकडा मला घरी काढता येत नाही. त्याचं पूर्ण सूत्र त्यांनी कुणाला दिलेलं नाही, आणि ज्याचा ताळा मला करता येत नाही त्या आकड्यावर वाद कसा घालायचा? हे जुनं मी बॉक्स स्कोअरवरून पेन्सिलीने काढतो, आणि कुठे किती कमी पडलं ते बोट ठेवून दाखवता येतं.

उदाहरणार्थ बफेलो बिल्सचा क्वार्टरबॅक जॉश अ‍ॅलन, १५ जानेवारी २०२२, बफेलोच्या मरणाच्या थंडीत प्लेऑफ (सीझननंतरची बाद फेरी), समोर न्यू इंग्लंड. बिल्सना चेंडू मिळाला सात वेळा, सातही वेळा टचडाउन. शेवटी घड्याळ संपवायला गुडघा टेकला, तेवढाच अपवाद. पंट (चेंडू लाथेने लांब देऊन टाकणं) नाही, फील्ड गोल (लाथेने मारलेला तीन गुणांचा गोल) नाही, चेंडू गमावणं नाही. अशी मॅच एनएफएलमध्ये त्याआधी झालेली नव्हती. अ‍ॅलनचे २५ पैकी २१, ३०८ यार्ड, ५ टचडाउन. रेटिंग? १५७.६. पंचवीस पासला ३१२.५ यार्ड लागतात. पाच यार्ड कमी पडले! मी तो बॉक्स स्कोअर समोर ठेवून बराच वेळ नुसता बसलो होतो. ड्रू ब्रीजनेही २०१९ मध्ये कोल्ट्सविरुद्ध ३० पैकी २९ पूर्ण केले, ४ टचडाउन, आणि पेटन मॅनिंगचा कारकिर्दीतल्या टचडाउन पासचा विक्रम त्याच रात्री मोडला. रेटिंग १४८.९, कारण दर पासमागे यार्ड दहाच्या थोडेच वर.

आणि दुसरं टोक. काहीही न करता, प्रत्येक पास जमिनीवर आपटला तर रेटिंग किती येतं? शून्य नाही, ३९.६. इंटरसेप्शन नाही ना, मग त्याचे २.३७५ पूर्ण मिळतात. खऱ्या शून्यासाठी कष्ट घ्यावे लागतात. पेटन मॅनिंगने ते घेतले. जानेवारी २००४ च्या प्लेऑफमध्ये इंडियानापोलिसकडून त्याने डेन्व्हरला २६ पैकी २२, ३७७ यार्ड, ५ टचडाउन असं धुतलं होतं, १५८.३. पुढे तोच डेन्व्हरला गेला, आणि १५ नोव्हेंबर २०१५ ला घरच्या मैदानावर कॅन्सस सिटीविरुद्ध २० पैकी ५, ३५ यार्ड, ४ इंटरसेप्शन. रेटिंग ०.०. त्याच दुपारी त्याने ब्रेट फार्वचा कारकिर्दीतल्या यार्डांचा विक्रम मोडला, आणि त्याच सीझनला डेन्व्हरने सुपर बोल जिंकला.

नोव्हायची_आई

भागाकारकाका, मनापासून आभार. तुमचं उत्तर मोठ्याने वाचून दाखवलं. चिरंजीवांनी वही काढून स्वतः हिशोब केला, १५५.८ बरोबर आलं. सोळा पासवालं ऐकून मात्र परत चिडला, आता रागाचा मोर्चा कोचकडे वळलाय.

त्याचा एक प्रश्न आहे, मी जसाच्या तसा लिहिते. त्याच सिअ‍ॅटलच्या मॅचमध्ये आमचा रिसीव्हर सेंट ब्राउन याने गॉफलाच पास टाकला आणि गॉफने टचडाउन केला. तो टचडाउन गॉफच्या रेटिंगमध्ये का नाही? आणि मग सेंट ब्राउनचं रेटिंग किती?

भागाकार

पोरगा तयार होतोय! गॉफने तो झेलला, टाकला नाही, म्हणून त्याच्या खात्यात रिसीव्हर म्हणून लागला. रेटिंगला उपयोग शून्य.

सेंट ब्राउनचं काढू. एक पास, एक पूर्ण: २.३७५. टचडाउन शंभर टक्के: २.३७५. इंटरसेप्शन नाही: २.३७५. पण पास सातच यार्डांचा होता. यार्डांच्या सूत्राप्रमाणे सातातून तीन वजा, चार, त्याचा पाव हिस्सा म्हणजे १. बेरीज ८.१२५, भागिले सहा, गुणिले शंभर, १३५.४. एकाच पासवर पूर्ण रेटिंग हवं असेल तर तो किमान साडेबारा यार्डांवरून टाकायला हवा होता. अर्थात पूर्ण रेटिंगच्या याद्या करताना साधारण किमान दहा पासची अट धरतात, तेव्हा त्याला आणखी नऊ टाकावे लागले असते. ते कोचला सुचवू नये म्हणावं.

हार्बरकाठचा

चिरंजीवांना विचारा, त्या आणखी नवांपैकी एकही टचडाउन नसता, तर पूर्ण रेटिंग जमलं असतं का? उत्तर काकांनी द्यायचं नाही.