डान्स क्लासचं पेज लोक उघडतात पण विचारत कोणीच नाई, काय बदलू?

दर्यापूरची_डान्सताई
नमस्कार मंडळी. माझा दर्यापूरले डान्स क्लास हाय, चौथं वर्ष चालू हाय, कृषी केंद्राच्या वरच्या हॉलमधे. सध्या ३४ लेकरं येतात, लोकनृत्य अन् थोडं बॉलिवूड शिकवते. आपल्या इकडं उन्हामुळं शाळा जूनच्या शेवटी उघडतात अन् तेव्हाच ॲडमिशनचा जोर असते, म्हणून या वर्षी पुतण्याकडून एक पेज बनवून घेतलं, इन्स्टावर १५०० रुपयांची जाहिरात टाकली अन् गावोगावच्या ग्रुपवर लिंक फिरवली. पेज २१२ वेळा उघडलं गेलं असं दिसते, पण फॉर्म भरले फक्त दोघांनी. वरती गॅदरिंगचा व्हिडिओ हाय, मग माझ्याबद्दल, मग सर्टिफिकिटं, फोटो, वेळापत्रक, इन्स्टा-युट्यूबचे बटनं अन् एकदम खाली फॉर्म. कुठं चुकून रायलं ते समजत नाई. अन् फी लिहू का नको तेही सांगा.

अकोल्याचा_वेबवाला
ताई आत्ता शेतातूनच उघडलं तुमचं पेज, इथं नेटच्या दोनच काड्या असतात. नुसती पांढरी स्क्रीन दिसत होती, मी मनात आकडे मोजले तर १९ वर व्हिडिओ दिसला. गुगलच्या हिशोबानं पेजवरची मेन गोष्ट अडीच सेकंदात दिसली पाहिजे. पेजस्पीड इनसाइट्स म्हणून त्यांचंच फुकट टूल हाय, त्यात लिंक टाका अन् मोबाइलवाला रिझल्ट पहा, पुतण्याच्या लॅपटॉपवर घरच्या वायफायनं सगळं भारीच दिसणार. व्हिडिओ वरून काढा, युट्यूबवर टाका अन् पेजवर त्याचा फक्त फोटो ठेवा, ज्याले पाहायचं तो टच करून पाहील. तसंही आवाजासकट आपोआप वाजणारा व्हिडिओ क्रोम २०१८ पासून अडवते, म्हणजे ज्या गाण्यासाठी तो वरती ठेवला ते गाणं तर कोणाले ऐकूच नाई येत. फोटो पण मोबाइलमधून निघाले तसेच टाकलेले दिसतात, एकेक चार-चार एमबीचा, वेबपी करून, म्हणजे फोटोची हलकी फाइल बनवून, दीड-दोनशे केबीवर आणा, डोळ्याले फरक नाई दिसत.

दुसरं, वेळापत्रकाच्या जागी ^ ~. अशी उलटसुलट चिन्हं दिसतात. फ्लेक्सवाल्याकडचा कृतिदेवमधला मजकूर तसाच चिकटवला असंल. त्याच्या कॉम्प्युटरवर तो फॉन्ट हाय म्हणून वाचता येते, लोकांच्या फोनमधे नाई. हाताने परत टाइप करा, मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर केलं तरी चालते, ते युनिकोडच असते, म्हणजे कोणत्याही फोनमधे वाचता येते.

अन् फॉर्म काढूनच टाका. नऊ रकाने हायत, शाळेचं नाव, जन्मतारीख, वडिलांचा व्यवसाय, कोण भरणार? एकच बटन द्या, व्हॉट्सॲपवर विचारा. क्लिक टू चॅटची लिंक बनते, नंबरच्या आधी ९१ लावायचे, प्लस किंवा शून्य नाई लावायचा. त्यात मेसेज आधीच लिहून ठेवता येते, "ताई, माझ्या मुलीसाठी क्लासची माहिती पाहिजे", समोरच्यानं फक्त पाठवायचं. तेच बटन वरती, मधे अन् खाली ठेवा. इन्स्टा-युट्यूबचे बटनं काढा, जाहिरातीचे पैसे देऊन माणूस आणला अन् आपणच त्याले रील्समधे पाठवून रायलो. लिंक ग्रुपवर टाकल्यावर जो छोटा फोटो अन् नाव येते तेही सेट करा, तुमच्या लिंकखाली "होम" लिहून येते, त्यावरून कोणाले काय समजणार?

येवद्याची_आई
ताई मी उघडलं होतं तुमचं पेज, आमच्या बचत गटाच्या ग्रुपवर आलं होतं, त्या २१२ मधे मी पण असंल. माझी पोट्टी चौथीत हाय, आरशासमोर सारखी नाचत राहते, तिच्यासाठीच पाहिलं. सासूबाईले दाखवलं तर त्याईनं पहिलं विचारलं, शिकवणारी बाई हाय का माणूस? तुमच्या पेजवर इंग्रजीत फाउंडर अँड कोरिओग्राफर लिहिलं हाय अन् फोटो स्टेजवरचा, लाल लाईटमधे, चेहराच दिसत नाई. मग यांनी विचारलं सुटते किती वाजता, तर त्या जागी ते चिन्हं चिन्हं. आम्हाले वापस येवद्याले यायचं राहते, सहाच्या पुढं क्लास असला तर मले तिच्यासाठी दर्यापूरले थांबावं लागते अन् गाडी चुकली तर ऑटोवाला मागंल तेवढे द्यावे लागतात. एवढं समजलं असतं तर मी त्याच दिवशी फोन केला असता. बक्षिसं किती मिळाली ते मी वाचलंच नाई खरं सांगते, मले एवढंच पाहिजे होतं की पोरगी सुखरूप जाईल, सुखरूप येईल अन् तिथं बाया-मुली असतील.

साकोलीची_नृत्यशिक्षिका
येवद्याच्या ताईंनी सांगितलं तेच पेजवर सगळ्यात वर लिहा, यापेक्षा मोठा सल्ला नाही. मी भरतनाट्यम शिकवते, १४ वर्षं झाली, आमच्याकडे लाखांदूरकडच्या खेड्यांतून मुली येतात आणि मी बॅचची वेळच एसटी बघून ठरवते. महिलांना तिकीट अर्धं झाल्यापासून, म्हणजे मार्च २०२३ पासून, सोबत येणाऱ्या आया पण वाढल्या, त्यांना बसायला जागा आहे हेसुद्धा मी लिहून ठेवलंय.

फोटोंचं मात्र सांभाळा. माझ्याकडून एकदा चूक झाली, एका मुलीचा मेकअपमधला फोटो विचारल्याशिवाय टाकला, तिच्या मामांचा रात्री फोन आला आणि त्यानंतर ती मुलगी क्लासला आलीच नाही. फार गुणी होती, आजही तिची अरमंडी, म्हणजे गुडघे बाहेर वळवून अर्धं बसायची पद्धत, डोळ्यांसमोर येते. तेव्हापासून प्रवेशाच्या कागदावर फोटोसाठी वेगळी सही घेते, ज्यांनी नाही म्हटलं त्यांच्या मुली मागच्या ओळीतही दिसू देत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्यांना बालकच धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. फॉर्ममधे जन्मतारीख, शाळा हे गोळा करूच नका, ते प्रवेशाच्या वेळी समोरासमोर घ्या.

पुढे शास्त्रीयची बॅच काढली तर गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम अशा क्रमाने, जरूर लिहा. दहावीला शास्त्रीय नृत्याचे वाढीव गुण मिळतात हे वडील लोक लगेच वाचतात.

फी मी लिहीत नाही. बोलणं झालं की परिस्थिती कळते, कोणाला कमी करता येते.

धामणगावचा_मास्तर
फीबद्दल माझं मत वेगळं आहे. नाही लिहिली की लोक मनातल्या मनात अमरावतीची फी धरतात आणि विचारतच नाहीत, विचारून परवडली नाही तर लाज वाटते ना. फी लिहा आणि खाली लिहा, अडचण असेल तर ताईंशी बोला.

दर्यापूरची_डान्सताई
सगळ्यायचे लय आभार. येवद्याच्या ताई, तुमचं वाचून डोळ्यात पाणी आलं, मी चार वर्षं बक्षिसंच दाखवत बसली. काल रात्री बसून वरचा भाग परत लिहिला:

"दर्यापूरले ६ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी डान्स क्लास. शिकवणारी बाई, हॉलमधे फक्त मुली अन् त्यांच्या आया. सोमवार ते गुरुवार, ४ ते ५:१५, येवदा अन् वडनेर गंगाईकडं जाणारी एसटी भेटते. महिन्याची फी ५०० रुपये, अडचण असंल तर बोला. पहिले दोन दिवस फुकट येऊन पहा."

खाली माझा दिवसा हॉलमधे काढलेला साधा फोटो अन् व्हॉट्सॲपचं बटन. व्हिडिओ युट्यूबवर गेला. आठ मुलींच्या घरी विचारलं, सहा जणींनी सही दिली, बाकी दोघींचे फोटो पेजवरून काढून टाकले. सकाळपासून पाच मेसेज आले, त्यातल्या तिघींनी गाडीचंच विचारलं.

अकोल्याचा_वेबवाला
आता त्याच शेतातून उघडलं, लगेच दिसलं. पत्त्यात नुसता मॅप नका ठेवू, बस स्टँडवरून कसं यायचं ते दोन ओळीत लिहा.

येवद्याची_आई
सोमवारी आणू का पोट्टीले? सासूबाई पण येतो म्हणतात.

दर्यापूरची_डान्सताई
या ना ताई, सासूबाईले नक्की आणा. जिना कृषी केंद्राच्या डाव्या बाजूनं हाय, वर खुर्च्या मांडून ठेवते.